एकशे सत्तावीस अंश

दुपारी कॉम्प्युटरने पुन्हा एकशे सत्तावीस दाखवले आणि या वेळी तो बंद पडला नाही. पडणार नव्हताच, तशी तजवीज मीच करून ठेवली होती. तरी आकडा दिसल्याबरोबर मी त्याच्या आधीचे आकडे पाहिले. बेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस, आणि मध्ये काहीच नाही, एकदम एकशे सत्तावीस. चुलीवरचं पाणीसुद्धा असं तापत नाही, मधल्या पायऱ्या त्यालाही चढाव्या लागतात. मी उठलो आणि कॉम्प्युटरच्या डब्याच्या पत्र्यावर तळहात ठेवला. पत्रा गार होता. असायलाच पाहिजे, शेडमधला एकुलता एक कूलर मी त्याच्याच तोंडासमोर लावला होता. पडद्यावर मात्र तो आकडा लालभडक उभा. मग तो गेला, पुन्हा त्रेचाळीस आले, आणि झालं ते एवढंच. वाकून मी शेजारच्या उबवणीच्या कपाटाच्या काचेतून पाहिलं. आतले पंखे फिरत होते, अंडी जिथल्या तिथे होती. बाहेर मे महिन्याची दुपार, वर पत्रे, कुठे पाखराचा आवाज नाही. मला वाटलं, याने खोटं बोलून बंद पडावं ते एक वेळ परवडलं. हा आता खोटं बोलतो आणि बोलून चालूच राहतो, याचं काय करायचं.

उबवणी केंद्र माझ्या बायकोचं, महामायाचं. माझं चिखलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणजे मुख्यतः प्रिंटरच्या शाईचं आणि लोकांच्या विसरलेल्या पासवर्डचं. तिच्या बायकांच्या गटाने अमडापूरच्या अलीकडे रस्त्याला लागून हे शेड घेतलं आणि गावठी कोंबड्यांची अंडी उबवायला सुरुवात केली. प्रत्येक बाई घरची अंडी आणते आणि अंड्यावर आपली खूण करते. कोणाची टिकली, कोणाचं पिंपळाचं पान, कोणाच्या काळ्या तीन रेघा. आमच्याच गावच्या म्हाताऱ्या गोजरबाईची खूण म्हणजे चुन्याचं एक बोट. लिहिता येत नाही म्हणून नव्हे, बहुतेकींना येतं. पण जे अजून जन्मलं नाही त्याच्यावर नाव घालायचं नाही, असं त्यांचं ठरलेलं आहे. मी पहिल्यांदा छापील चिकटपट्ट्या करून नेल्या होत्या, नावानिशी. सगळ्याजणी हसल्या आणि पंचफुला म्हणाली, "भाऊ, बारसं नंतर करतेत." पंचफुला गटातली सगळ्यात तोंडाळ बाई. चिकटपट्ट्या अजून दुकानात पडून आहेत.

अंड्यांची पहिली खेप या आकड्याने मारली. सुरुवातीला अंड्यांना ऊब द्यावी लागते, हे कोणालाही माहीत असतं. पण आतलं पिल्लू भरत आलं की ते स्वतःच ऊब सोडायला लागतं, आणि शेवटच्या दिवसांत यंत्राचं काम उलटं होतं, ती ऊब पंख्यांनी बाहेर काढायची. पंखे कॉम्प्युटर चालवतो. त्या दिवशी सगळ्या बायका गावातल्या लग्नाला गेल्या होत्या, मी दुकानात होतो, आणि इकडे याला वाटलं की आपण एकशे सत्तावीस अंशांवर पोचलो. कॉम्प्युटरच्या आत कर्नेल म्हणून एक कारभारी असतो. आतल्या कोणाला काय द्यायचं, कोणाला थांबवायचं, सगळं त्याच्या हातात. त्याला एक नियम पाठ आहे, की ताप हाताबाहेर गेला असं कळलं तर कोणाला न विचारता सगळं बंद करायचं. नियम चांगलाच आहे. पण ताप मोजणारा खोटारडा निघाला तर कारभाऱ्याने काय करावं? त्याने विश्वास ठेवला आणि सगळं बंद केलं. पंखे थांबले. जो ताप नव्हताच त्याला घाबरून त्याने खरा ताप करून ठेवला. संध्याकाळी बायकांनी शेडमागच्या बांधावर बसून अंडी फोडली. पिल्लं पुरती भरलेली होती, पिसं फुटलेली. महामाया एका बाजूला उभी होती आणि तिच्याकडे कोणी पाहत नव्हतं. गोजरबाईने चुन्याच्या बोटाची अंडी वेगळी काढली, न फोडताच पदरात घेतली आणि घरी गेली. दुसऱ्या खेपेला सगळ्यात आधी अंडी घेऊन आली ती तीच. तिच्यामागून बाकीच्या आल्या. पण पंचफुलाने सगळ्यांच्या देखत सांगून ठेवलं होतं, "हे खेप गेली तर आपापल्या कोंबड्या बऱ्या. मंग हे शेड बंद." महामाया हो म्हणाली होती. ती खेप आता कपाटात होती आणि उद्या फुटणार होती.

आता कोणी म्हणेल, मशीन बदलून टाकायचं. मला तर लोक हेच सांगतात, जसं काही माझ्या डोक्यात आलंच नाही. पंखे आणि हीटर सांभाळणारं जे कार्ड आहे ते जुन्या काळचं. त्याची खाच नव्या मशीनला नसते. म्हणून हाच म्हातारा घेऊन बसलो. आतला पंखा बदलला, चिपची उष्णता ओढणारा लेप नवा लावला, धूळ साचली होती ती ब्रशने काढली. आकडा येतच राहिला. महामायाने विचारलं, "आता काय करता?" मी म्हटलं, "त्याले सांगून ठेवतो, का आयकू नको." तसंच केलं. मशीन सुरू होताना कर्नेलला चार शब्दांची एक ओळ देता येते, की धोक्याच्या आकड्याकडे लक्ष देऊ नकोस, काहीही दाखवलं तरी बंद पडू नकोस. ओळ टाकली, चालू करून पाहिलं, आणि तासाभरात एकशे सत्तावीस येऊन गेले तरी पंखे फिरत राहिले. महामाया खुश झाली, तिने सगळ्यांना चहा केला. मी चहा प्यायलो खरा, पण मला माहीत होतं की मी आजार बरा केलेला नाही. ओरडणाऱ्याचं तोंड तेवढं बांधलं होतं.

आणि हे मला जरा जास्तच माहीत होतं, कारण स्वतःच्या बाबतीतही मी तेच करून बसलो होतो. बांधावरच्या त्या संध्याकाळपासून माझ्या छातीत काहीतरी होतं. बसल्या बसल्या, गिऱ्हाईकाशी बोलताना, नळाखाली तोंड धुताना एकदम धडधड उठते, हात मुंग्यांनी भरतात, आणि कोणीतरी आतून सांगतं की आता संपलं. पहिल्यांदा झालं तेव्हा महामाया मला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरने छातीला वायरी लावल्या, कागदाची पट्टी काढली, आणि पट्टी वाचत म्हणाला, सगळं व्यवस्थित आहे, टेन्शन घेऊ नका. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा महामाया पिठाच्या हातानेच म्हणाली, "तुमचं रोजचंच हाय." चिडून नाही म्हणाली. तिच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. पण ते वाक्य माझ्यात जाऊन बसलं. सकाळी दाढी करताना मी आता आरशाला सांगतो, आज काहीही वाटलं तरी ते खोटं. धडधड आली की मी हातातलं काम सोडत नाही. येते, जाते. मला बरं वाटायला लागलं होतं, असं मी सगळ्यांना सांगत होतो.

आज महामाया बुलढाण्याला गेली होती. पिल्लं फुटली की त्यांना त्याच दिवशी लस द्यावी लागते, आणि लस बर्फात ठेवून आणावी लागते. जाताना तिने मला दोनच गोष्टी सांगितल्या, कपाटाचं दार उघडायचं नाही आणि मशीनसमोरून हलायचं नाही. "गोजरमायले ठेवते तुमच्या जोडीले," म्हणाली. गोजरबाई सकाळीच आली, दारातल्या कडुलिंबाखाली पोतं टाकून बसली, अधूनमधून उठून जमिनीवर पाणी शिंपडत होती. मला दोनदा म्हणाली, "इकडं सावलीत ये ना बाप्पा, अंदर काऊन भाजून राह्यला?" मी म्हटलं, "आकडा पाहा लागते, माय." तिने मान हलवली आणि तंबाखू मळत बसली. मी खुर्ची ओढून पडद्यासमोर बसलो. कूलरची हवा माझ्या गुडघ्याजवळून पुढे मशीनकडे जात होती. पाण्याची बाटली सकाळीच संपली होती. माठ बाहेर होता, दहा पावलांवर, पण तेवढ्यात काही झालं तर, म्हणून मी उठलो नाही.

एकशे सत्तावीस परत आले. मग पुन्हा. सकाळी कुठे एखादा यायचा, आता बसतो न बसतो तोच येत होता. मी प्रत्येक वेळी उठून पत्र्याला हात लावला. गार. गार. आणि मग एकदा हात लावला तेव्हा पत्रा बर्फासारखा लागला, इतका की मी हात मागे घेतला. कूलर चांगलं काम करतोय, असं वाटून मला समाधानही वाटलं. घामाने भिजलेला सदरा कधीतरी सुकून गेला होता, तेही बरंच झालं. डोकं मात्र ठणकत होतं. पडद्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात कपाटातल्या अंड्यांचं तापमान लिहून येतं, ते सदतीसच्या वर थोडं होतं, हवं तेवढंच. सकाळपासून तिथेच होतं. मी त्या आकड्याकडे पाहत राहिलो आणि माझ्या डोक्यात आलं, की हा आकडा सांगतो कोण? हेच मशीन. स्वतःबद्दल जे धडधडीत खोटं बोलतं ते अंड्यांबद्दल खरं बोलत असेल कशावरून? इतके दिवस हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही याचं मला नवल वाटलं. एक खोटं मी चालवून घेतलं होतं, आणि आता त्याचं खरं कुठलं ते मला सांगता येत नव्हतं. छातीत धडधड सुरू झाली. मी तिला म्हटलं, खोटं आहे. ती थांबली नाही. आज ती वेगळ्याच चालीची होती, हलकी, भराभर. मी म्हटलं, तरी खोटंच आहे.

माझी आई जनकाबाई दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जायची आणि घरी तिच्या चार कोंबड्या होत्या. कोंबडी खुडूक बसली की आई तिच्याखाली हात घालून एखादं अंडं काढायची आणि मिटलेल्या डोळ्याच्या पापणीला लावायची. जरा वेळ उभी राहायची, जसं काही आतून कोणी बोलतंय. मग म्हणायची, बरोबर हाय, किंवा म्हणायची, आज हे जास्तच उठली, गार पडलं. आम्हा भावंडांना ताप आला तरी ती हात लावायची नाही. तिच्या हाताला कामाने घट्टे पडले होते, हाताला काही कळत नाही म्हणायची. खाली वाकून ती तिची पापणी आमच्या कपाळाला टेकवायची. तिच्या पापण्यांचे केस टोचायचे आणि मी हसायचो, तापातसुद्धा. आई जाऊन बरीच वर्षं झाली. तापात मला अजून ते टोचणं आठवतं, आणि आता खुर्चीवर बसल्या बसल्या ते मला इतकं स्पष्ट आठवलं की मी कपाळाला हात लावून पाहिला.

मी उठलो आणि कपाटाचं दार उघडलं. उघडायचं नाही हे मला माहीत होतं. ओली उबदार वाफ तोंडावर यायला पाहिजे होती, मला ती गार लागली. वरच्या जाळीतलं एक अंडं मी उचललं, डोळा मिटला आणि पापणीला लावलं.

अंडं थंड होतं. माठातून काढल्यासारखं. मी दुसरं घेतलं, पिंपळाच्या पानाचं. तेही थंड. तिसरं चुन्याच्या बोटाचं, तेही. सकाळपासून हीटर बंद असणार आणि मशीन सदतीस सदतीस म्हणत मला झुलवत असणार. ही खेपही गेली. महामाया बर्फाचा डबा मांडीवर घेऊन एसटीत बसली असेल, उद्याच्या पिल्लांची लस जपत, आणि इथे पिल्लं माझ्या नजरेसमोर गारठून चालली होती. मला पंचफुलाचं तोंड दिसलं नाही, बांधावर एका बाजूला उभी असलेली महामाया दिसली. मी दार लोटलं आणि कीबोर्डाकडे वळलो. हीटर हाताने चढवायची सोय मीच ठेवली होती. किती चढवायचं? चार अंश, पाच अंश. पासवर्ड दोनदा चुकला. ज्याला त्याला विसरलेले पासवर्ड काढून देणारा मी. तिसऱ्यांदा बरोबर पडला आणि पडद्याने विचारलं, नक्की का.

"दार काऊन उघडलं तू?" गोजरबाई दारात उभी होती. "उघडू नको म्हनली होती ना ते."

"माय, गार पडले अंडे. सगळे गार पडले."

"काय सांगतं."

"तुह्या खुणेचं पाहा." चुन्याचं बोट असलेलं अंडं माझ्या डाव्या मुठीतच राहिलं होतं. मी हात पुढे केला. ती आली, अंडं घ्यायला तिने माझ्या हाताखाली तिचा हात धरला आणि चटका बसल्यासारखा झटकन काढला. मग दोन बोटांनी अंडं उचललं, डोळा मिटला आणि पापणीला लावलं. माझ्या आईसारखंच, मान तशीच जराशी तिरपी. तेवढ्या वेळात माझं बोट होकाराच्या कळीवर होतं. दाबलं की झालं, अंडी वाचतील. म्हातारीला काय कळतंय, मला वाटलं, हिची कातडी पार सुकून गेली आहे.

"बरोबर हाय," ती म्हणाली.

"गार हाय, माय. मी पाह्यलं ना."

"अंडं बरोबर हाय. तू तापला." तिने अंडं माझ्या कानाला लावलं. मला काही ऐकू येईना, माझ्याच कानात धो धो चाललं होतं. मी म्हटलं, मला काही झालं नाही, माझं रोजचंच आहे हे. असं मी बरंच काही म्हटलं असणार, कारण ती माझ्याकडे पाहत राहिली, लहान पोराकडे पाहावं तशी. मग तिने टाचा उंच करून माझी मान खाली ओढली आणि कपाळाला कपाळ टेकवलं. आईच्या हातचं पाणी गोजरबाईच्या घरी चालत नव्हतं, त्या काळातलं माझं बालपण. ओसरीखाली उभं राहून आई ओंजळ पुढे करायची, ते मी पाहिलेलं आहे. तेच घर आता माझ्या कपाळाला टेकलं होतं आणि त्या कपाळाचा गारवा मला असा लागला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"मले भेव लागून राह्यलं, माय," मी म्हटलं.

"हाव. लागते." तिने माझं बोट कळीवरून उचललं, एक एक करून सगळी बोटं उचलली. "पंखे चालू हायेत. अंडे बरे हायेत. आता तू बंद हो जरासा."

तिने मला कडुलिंबाखाली ओल्या पोत्यावर निजवलं आणि माठ सगळाच्या सगळा माझ्या अंगावर ओतला. कूलर ओढत दारापर्यंत आणला आणि त्याचं तोंड माझ्याकडे केलं. मी म्हटलं, मशीनला लागतो तो. ती म्हणाली, मशीन गेलं खड्ड्यात. मग तिने पदराच्या गाठीतला फोन काढला आणि त्यात मोठ्याने ओरडली, फोनवर ती नेहमीच ओरडते. "अंडे बरे हायेत वो. तुहा मानूस तापला. नाही नाही, रोजचं नव्हं हे. ये बिगीनं."

महामाया आली तेव्हा उन्हं उतरायला लागली होती की मीच खोल गेलो होतो, सांगता येत नाही. एसटीची वाट न पाहता ती कोणाच्यातरी मोटरसायकलवर बसून आली होती. तिची चप्पल दिसली, मग पांढरा थर्माकोलचा डबा माझ्या डोक्याशी टेकवलेला दिसला. तिने डबा उघडला, लसीच्या बाटल्या काढून मातीत ठेवल्या, आणि खालचा बर्फ काढून माझ्या मानेखाली, काखेत, छातीवर लावायला लागली. मी तिचा हात धरला. म्हटलं, लस खराब होईल. पिल्लं उद्या फुटतील, लस पाहिजे.

"होऊ द्या."

"बुलढाण्यापासून आणली तू."

"परत जाईन मी. बोलू नका." बर्फ वितळून तिच्या मनगटावरून बांगड्यांत उतरत होता. थोड्या वेळाने ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मले काऊन नाही सांगितलं?"

मी सांगितलं होतं, तीनदा, आणि मग बरं वाटतंय असं सांगत राहिलो. पण आजचं सांगितलं नव्हतं, आणि आजचं मलाही कळलं नव्हतं. गोजरबाई कुठूनतरी रिक्षा घेऊन यायला रस्त्यावर गेली होती. जाताना चुन्याच्या बोटाचं अंडं तिने मला न विचारता कपाटात परत ठेवलं होतं. उघड्या दारातून मला मशीनचा पडदा दिसत होता, लांबून, तिरका. त्यावर लाल काहीतरी आलं. महामायानेही पाहिलं. ती उठली नाही. तिने आणखी एक बर्फाचा तुकडा घेतला आणि माझ्या कपाळावर धरला, आणि मग वाकून, तो तुकडा बाजूला करून, मिटलेला डोळा तिथे टेकवला. हे तिला मी कधी सांगितलं होतं मला आठवत नाही. तिच्या पापण्यांचे केस टोचले.

"अजून लय हाय," ती म्हणाली आणि पुन्हा बर्फ ठेवला. आत कपाटातून बारीक आवाज यायला लागला होता, एक, मग थांबून दुसरा. पिल्लं कवचातूनच बोलायला लागतात, फुटायच्या आधी.